सात हिबारी, एक चढण

धक्क्यावर सात गाड्या एकामागे एक उभ्या होत्या, सातही इंजिनं बंद झाली होती, आणि गावाच्या रीतीभातींत वाढल्यासारखा समुद्रही किनाऱ्याला अगदी हलक्या हाताने शिवत होता. रांगेतल्या तिसऱ्या गाडीत सुमिएबाई निनोमिया दोन्ही हात चाकावर ठेवून ताठ बसल्या होत्या. समोर डोंगर होता, पायऱ्यापायऱ्यांनी आभाळाकडे गेलेल्या संत्र्यांच्या बागा होत्या, आणि त्यांतून वर चढणारी, एका गाडीपुरतीच रुंद वाट होती. अडचण एवढीच, की त्यांची गाडी नुकतीच या सगळ्याकडे पाठ न फिरवताच मागे गेली होती आणि चौथ्या गाडीच्या नाकाला जाऊन टेकली होती.

चौथ्या गाडीतून सोगाबे उतरले. ते गावमंडळाचे अध्यक्ष, वयाने सुमिएबाईंच्याच बरोबरीचे. त्यांनी खिडकीपाशी येऊन कमरेत वाकून नमस्कार केला.

"वहिनी, माफ करा. चूक माझी. उगाच एवढी खेटून लावली."

"छे, छे, भावजी, मीच जरा..."

"नाही, नाही. पुढच्या माणसाला मागे यावंसं वाटलं, तर जागा नको का ठेवायला?"

निघायच्या क्षणी पुढच्या माणसाला मागे का यावंसं वाटावं, हे त्यांनी विचारलं नाही. तेवढं विचारणारा माणूस रांगेच्या शेवटच्या गाडीतून उतरून ताडताड चालत येत होता. सुमिएबाईंच्या आरशात तो मोठा होत गेला. काझुशिगे, त्यांचा एकुलता एक मुलगा, शहरात विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायला होता. गेली दोन वर्षं तो आईकडेसुद्धा अजून दाखल न झालेला दावा म्हणूनच बघत असे.

"आई, काय झालं?"

"काही नाही. विचार करतेय."

"गाडी मागे गेली."

"विचार करताना जाते कधी कधी."

"आणि घासली."

"मी घासलो," सोगाबे घाईने म्हणाले. "साहेब, दोष माझ्या नावावर लिहा."

काझुशिगेने आईकडे असं पाहिलं, की आदल्या संध्याकाळचं सगळं बोलणं पुन्हा एकवार गाडीत येऊन बसलं. भात आणि भाजलेल्या माशाच्या ताटांवरून तो म्हणाला होता, "तुझं वय झालं आता. सोसायटीच्या दुकानापुढचं थंड पेयांचं यंत्र तूच वाकवलंस ना? उद्या जर कुठेही न घासता, मध्ये न थांबता तू वरपर्यंत गेलीस, तर गाडी चालवायचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही गेलीस, तर सोमवारी पोलीस ठाण्यात जाऊन परवाना परत करायचा." सुमिएबाईंनी माशाचा काटा शांतपणे बाजूला काढत "बरं" म्हटलं होतं. बाग वर होती आणि पाय खाली राहिले होते. गाडी गेली म्हणजे बाग गेली, आणि बाग गेली म्हणजे सकाळी उठायचं कशासाठी, हा प्रश्न त्यांनी ताटावर आणला नाही. मुलगा जेवत होता.

हा सगळा घाट घातला होता गाड्या बनवणाऱ्या कंपनीने. हिबारी, म्हणजे चंडोल, हे तिच्या चिमुकल्या मालवाहू मोटारीचं नाव. हिबारी निघाल्याला साठ वर्षं होत होती आणि त्यानिमित्त कंपनीला एक छोटी चित्रफीत हवी होती: पहिल्यापासून सातव्यापर्यंत सगळ्या पिढ्यांच्या हिबारी एका रांगेत डोंगर चढताहेत. देशभर शोध घेतल्यावर सातही पिढ्या अजून चालत्या अवस्थेत असलेलं हे एकच गाव सापडलं होतं. त्याचं कारण गावाला इतिहासाची आवड होती असं नव्हे. चालणारी वस्तू टाकून देणं इथे कुणाला जमलंच नव्हतं.

पहिली हिबारी बेडकासारख्या गोल डोळ्यांची होती. ती चढावर खोकत असे आणि उतारावर शिंकत असे. गॅरेजवाल्या ओचिच्या वडिलांनी ती घेतली, तेव्हा संत्री पाठीवरून खाली यायची, आणि बायकांचे खांदे ऋतूभर निळे असायचे. दुसरीचा चेहरा चौकोनी झाला. ती दारूच्या दुकानदाराकडे आली आणि गावातल्या दोन नवऱ्या तिच्याच पाठीवर बसून सासरी गेल्या. तिसरी सुमिएबाईंची. भाव कोसळले आणि निम्म्या गावाने संत्र्याची झाडं तोडली, त्याच वर्षी त्यांच्या नवऱ्याने कुणालाही न विचारता ती दारात आणून उभी केली. तिचं इंजिन मोठं होतं आणि अंगही वीतभर लांब. "झाडं तोडायची नसतील तर एवढं करावंच लागेल," एवढंच तो म्हणाला होता. चौथीत पाय गरम ठेवणारं यंत्र आलं. पाचवी बंदिस्त व्हॅन. तिच्यातून कोळीण घरोघर मासे विकत फिरे. सहावीचं चाक एका बोटाने वळे. आणि सातवी, अगदी नवी कोरी, कंपनीने सोबत आणलेली. ती पावलोपावली टीं टीं करून माणसाला दटावत असे. तिच्यासाठी कंपनीचा चालकही आला होता, पण सकाळी ती वाट एकवार पाहिल्यावर त्याने अत्यंत अदबीने सांगितलं, की पोटात दुखतं आहे. मग सोगाबेंनी चावी काझुशिगेच्या हातात ठेवली. "शहरातला माणूस. नव्या गाड्यांची सवय असणार."

आता पहिल्या हिबारीतून ओचि उतरून आला आणि सुमिएबाईंच्या गाडीखाली शिरला. त्याचे फक्त बूट बाहेर राहिले. थोड्या वेळाने बुटांच्या बाजूने आवाज आला.

"काकू, ही तार कुणी बांधली?"

सुमिएबाईंनी आरसा सरळ केला. गिअरच्या दांड्याखालची खीळ झिजली होती, हे त्यांना गेल्या महिन्यापासून ठाऊक होतं. ओचिकडे नेली असती, तर ओचिने बायकोला सांगितलं असतं, बायकोने कोळणीला, आणि माशांबरोबर ती बातमी थेट काझुशिगेपर्यंत पोचली असती. म्हणून त्यांनी संत्र्याच्या फांद्या बांधायची तार घेऊन स्वतःच ती खीळ बांधली होती. फांदी तिने वर्षभर धरली असती.

ओचि बाहेर आला आणि खिडकीशी तोंड नेऊन कुजबुजला, "पुढचे गिअर सगळे गेले. फक्त रिव्हर्स पडतोय. दुरुस्तीला संध्याकाळ होईल."

"हळू बोल."

"हळूच बोलतोय, काकू."

"आणखी हळू. तो दावे तपासतो."

एव्हाना कंपनीची आसाहिना धावत येऊन पोचली होती. ही तरुण मुलगी चित्रफितीची सगळी जबाबदारी एकटीने वाहत होती, आणि दर वाक्याआधी वाकून नमस्कार करत असल्यामुळे तिचं बोलणं नेहमी थोडं जमिनीच्या जवळून येई. ऊन दुपारनंतर डोंगराआड जाणार होतं. उद्या पाऊस सांगितला होता. "फारच अवघड असेल तर..." एवढं म्हणून ती थांबली. त्या न बोललेल्या उरलेल्या वाक्यात सुमिएबाईंची गाडी रांगेतून बाहेर काढली गेली होती, हे सगळ्यांना समजलं.

"म्हणजे दुसरीनंतर एकदम चौथी?" सोगाबे म्हणाले. "मधली वर्षं आम्ही काय झोपून काढली?"

"काका, राहू दे ना," काझुशिगे म्हणाला. आणि मग आवाज खाली आणून, कारण तो वाईट मुलगा नव्हता, "आई, उतर. सोमवारी मी रजा घेतो, आपण दोघं जाऊ. येताना उनागी खाऊ."

उनागी, म्हणजे भाजलेली वाम, हे ऐकताच सुमिएबाई सावध झाल्या. दवाखान्यात न्यायचं असलं की माणसं अशीच काहीतरी महागाचं खाऊ घालायचं कबूल करतात. त्यांनी काच थोडी आणखी खाली केली.

"वरपर्यंत जायचं, एवढंच ठरलं होतं ना?"

"हो. पण..."

"नाकाने चढायचं की पाठीने, ते नव्हतं ठरलं."

आणि त्यांनी रिव्हर्स टाकला.

धक्का रुंद होता. तिसऱ्या पिढीची हिबारी रांगेतून बाजूला सरकली आणि तिने उलटाच एक मोठा अर्धा फेर घेतला, मान वळवून, संथपणे, जत्रेतल्या नाचात वयस्क बायका घेतात तसा. फेर संपला तेव्हा गाडीची पाठ डोंगराकडे आणि तोंड समुद्राकडे होतं. रांगेतल्या आपल्या जागी ती पुन्हा येऊन उभी राहिली. आता तिचं नाक सोगाबेंच्या नाकासमोर आलं.

"चला," सुमिएबाई म्हणाल्या.

पहिल्या दोन हिबारी सरळ निघाल्या, तिसरी उलटी निघाली, आणि चौथीत बसलेल्या सोगाबेंवर असा प्रसंग ओढवला, की जो घडवून आणायला जगात दुसरं कुठलंच गाव समर्थ नव्हतं. सुमिएबाई मागे बघत होत्या, पण मधूनमधून त्यांना पुढेही पाहावं लागे, आणि पुढे पाहिलं की काचेपलीकडे, हातभर अंतरावर, सोगाबे दिसत. समोरासमोर नजर भेटल्यावर मान न लववणं शक्य नव्हतं. त्यांनी लववली. सोगाबेंनीही लववली, आणि अध्यक्ष या नात्याने जरा जास्तच. पुन्हा नजर भेटली. पुन्हा दोघांनी माना लववल्या. तिसऱ्या खेपेस गाडीने वाटेवर पहिला गचका खाल्ला आणि अध्यक्षांचं कपाळ भोंग्यावर जाऊन आदळलं.

भोंगा अडकला. लांब, एकसुरी, थांबता थांबेना.

या गावात हॉर्न दोनच प्रसंगी वाजतो. रानडुक्कर आडवं आलं तर छोटा, आणि घरातून शेवटच्या प्रवासाला निघताना शववाहिका वाजवते तो लांब. वर बागांमध्ये संत्री तोडणारी माणसं जागच्या जागी थांबली. टोप्या उतरल्या. कात्र्या खाली आल्या. पायरीपायरीवरून हात जोडले गेले आणि खालून येणाऱ्या त्या आवाजापुढे, तो कुणाचा हे ठाऊक नसतानाही, माणसं मनापासून वाकली.

सुमिएबाईंनी डोकं खिडकीबाहेर काढलं. "अगं ए! मी आहे अजून!"

वरून कुणीतरी ओरडलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही! वर चाललोय!"

हे उत्तर त्या क्षणी फारसं धीर देणारं ठरलं नाही. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. आसाहिनाने हात हलवून सगळ्यांना परत बोलावलं. सुमिएबाईंची गाडी न्यूट्रलमध्ये, ब्रेकवर, हळूच धक्क्यावर उतरली.

"थांबलीस," काझुशिगे म्हणाला.

"मी कुठे? सिनेमावाल्यांनी थांबवलं."

सोगाबेंनी बुक्की मारून भोंगा गप्प केला आणि ते कपाळ चोळत उतरले. कपाळावर हिबारीचं बोधचिन्ह, उडता चंडोल, लालसर आणि सुबक उमटलं होतं. ते घटकाभर वाटेकडे पाहत राहिले, मग सगळ्यांकडे वळले. मंडळाच्या सभेत एखादा ठराव आधीच सगळ्यांच्या मनात पास झालेला असतो आणि अध्यक्षांनी तो फक्त मोठ्याने म्हणायचा असतो, त्या स्वरात ते म्हणाले, "वहिनींनी एकटीने उलटं जायचं आणि आपण सगळ्यांनी सरळ, हे बरं दिसत नाही. गाड्या फिरवा."

"सगळ्या?" आसाहिनाचा आवाज या वेळी जमिनीपासून बराच वर होता. "अहो, पण साठ वर्षांचा इतिहास आहे! तो उलटा कसा... कचेरीत मी काय सांगू? प्रगती मागे मागे गेली म्हणून?"

"पोरी," सोगाबे म्हणाले, "ही वाट वर देवळापाशी संपते. मध्ये वळायला जागा नाही. माल भरून कुणी उतरत असला, की रिकाम्याने मागे जाऊन वाट द्यायची, ही इथली रीत. साठ वर्षांत आम्ही जेवढं पुढे गेलोय ना, तेवढंच मागे गेलोय. तुझा इतिहास आम्ही उलटाच केलाय."

यावर कुणी काही बोलण्याआधी ओचिने पहिली हिबारी फिरवायला घेतली. मग दारूवाल्याने. मग सोगाबेंनी. कोळणीने व्हॅन फिरवताना मासे सरकल्याचा आवाज आला. सहावी फिरली. शेवटी सातवीही फिरली. टीं टीं करत, पाच वेळा पुढे-मागे होत, आणि काझुशिगेच्या मानेवर घाम आणत.

आणि मग ते सुरू झालं.

वाटेच्या तोंडाशी ठेवलेल्या कॅमेऱ्यामागे आसाहिना उभी होती. तिच्यापासून सात चेहरे हळूहळू दूर जाऊ लागले. गोल डोळ्यांचा, चौकोनी, लांबट, रुंद. आणि दूर जाताना सगळे तिच्याकडेच बघत होते. पाहुणा निघाला की घरचे दारात उभे राहतात आणि तो वळणाआड जाईपर्यंत आत जात नाहीत. इथे मात्र घरच निघालं होतं, आणि निरोप द्यायला थांबलेल्याकडे बघत बघत चढत होतं. खालच्या समुद्राचा उजेड सातही काचांवर हलत होता. सातवी सोडली, तर प्रत्येक खिडकीतून एकेक डोकं बाहेर आलं होतं, मान मागे, नजर दगडी बांधावर. उभ्या जन्माची सवय. एकाही आरशाकडे कुणी पाहिलं नाही. आसाहिनाने रुमाल काढला आणि नमस्कार करायचं विसरली.

सुमिएबाईंचा डावा हात चाकावर होता आणि उजवं कोपर दारावर. बांध आणि गाडी यांच्यामध्ये एखादं संत्रं मावेल एवढंच अंतर होतं, आणि ते तेवढंच राहिलं. वरून माणसं, या खेपेस हसत, टोप्या हलवत होती. पाय गाडीला सांगत नव्हते आणि गाडी पायांना विचारत नव्हती. दोघांनाही ही चढण तोंडपाठ होती, पुढून आणि मागून. शेवटचं वळण आलं तेव्हा त्यांनी आवाज न करता एक लांब श्वास घेतला, आणि देवळाच्या तांबड्या कमानीखाली तिसरी हिबारी येऊन उभी राहिली. कुठेही न घासता. मध्ये कुठेही न थांबता.

पहिली आली होती. दुसरी आली होती. चौथी, पाचवी, सहावी आली. सातवी आली नाही.

खरं तर ती का आली नाही, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. वर पोचलेल्या सगळ्यांची तोंडं उताराकडेच होती. दुसऱ्या वळणावर संत्र्याच्या फांदीने सातवीला स्पर्श केला, सातवीने किंकाळी फोडून आपला आपण ब्रेक लावला, काझुशिगेने चिडून कुठलं तरी बटण दाबलं, ती गप्प झाली, आणि त्या अचानक आलेल्या शांततेत तिचं डावं मागचं चाक अलगद कडेच्या गटारात उतरलं. तेव्हापासून वर थांबलेले सगळे मोठ्या आस्थेने देवळाच्या छपराकडे बघत होते.

"छप्पर यंदा शाकारायला हवं," सोगाबे म्हणाले.

"हवंच," ओचि म्हणाला.

सुमिएबाई उतरल्या. "चला रे," त्या म्हणाल्या. "नवी पिढी गटारात ठेवून कसं चालेल?"

हिबारी अंगाने हलकी. सहा पिढ्यांची माणसं आणि बागांतून उतरून आलेले चौघे तिच्याभोवती उभे राहिले. काझुशिगे गाडीतून बाहेर येऊन कान लाल करून उभा होता. "सॉरी. क्रेन बोलावतो. विम्यात बसतं."

"बसू दे तिथेच," ओचि म्हणाला. "हं, एक, दोन... हैश्शा!"

गाडी उचलली गेली, जरा हवेत थांबली आणि वाटेवर उतरली. काझुशिगे पुन्हा चाकामागे बसला. पडद्यावर मागच्या कॅमेऱ्याचं चित्र उमटलं. त्यात हिरव्या-पिवळ्या रेषा होत्या, आणि रेषांच्या मधोमध, पाठीमागे वाटेवर उभी असलेली त्याची आई होती.

"आई, बाजूला हो. मी जमवतो."

"ते चित्र बंद कर आधी."

"अगं, त्यात सगळं दिसतं."

"मी दिसतेय ना? मग डोकं बाहेर काढ आणि खरी बघ."

काझुशिगेने डोकं बाहेर काढलं. शाळेत जायच्या वयानंतर त्याने कदाचित पहिल्यांदाच असं डोकं बाहेर काढलं असावं. सुमिएबाई चढणीवर पाठमोऱ्या पावलांनी एकेक पाऊल मागे जात होत्या, दोन्ही हात पुढे करून, बोटांनी हवा स्वतःकडे ओढत.

"येऊ दे... येऊ दे... येऊ दे... जरा डावीकडे. माझं डावं नाही, तुझं. येऊ दे..."

गाडी येत होती. डळमळत, दम खात, भिंतीला बिचकत, पण येत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी तो सूर उचलला, आणि पायरीपायरीवरून, डोंगरभर, "येऊ दे, येऊ दे" होत राहिलं. अंगणात हात पसरून बसलेल्या बायका, पहिली पावलं टाकणाऱ्या लेकराला याच शब्दांनी बोलावतात. सुमिएबाईंच्या मनात ते आलं, आणि पायाखाली बघायचं निमित्त करून त्यांनी एकदा मान खाली घातली. खाली आसाहिनाचा कॅमेरा चालूच होता.

कमानीखाली सातवी हिबारी थांबली तेव्हा टाळ्या वाजल्या. कोळणीने व्हॅन उघडून कुणाला न विचारता मासे चिरायला घेतले, दारूवाल्याने बाटली काढली, सोगाबेंच्या कपाळावरचा चंडोल उन्हात चमकला. आसाहिना धापा टाकत वर आली आणि न वाकता, सरळ उभी राहून म्हणाली, "कचेरीला आवडो न आवडो. मी पुन्हा घेणार नाही. हेच जाईल."

गर्दी माशांकडे वळली. काझुशिगे अजून गाडीपाशी उभा होता. सुमिएबाई त्याच्याजवळ गेल्या, आपल्या गळ्यातल्या टॉवेलने त्याच्या मानेवरचा घाम टिपला, आणि बराच वेळ मनात घोळवल्यासारखं, अगदी प्रेमाने विचारलं, "मग काय रे, सोमवारी किती वाजता निघायचं? माझं काही काम नाही म्हणा तिथे. पण तू परवाना परत करायला एकटा जाशील, तेही बरं नाही दिसत."

काझुशिगेने आईकडे पाहिलं, सातवीकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं. मग चावी गाडीच्या टपावर ठेवली आणि पायीच वाट उतरू लागला.